तिच्या अंगावरचं कापड

वडनेर,
२२ जून २०२४

प्रिय प्रेरणा,

तुमच्या दुकानाचं नशीब उघडलं आणि आमचं कपाळ फुटलं! शाळेची चिठ्ठी आली. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट बंद. आता तांबड्या-राखाडी चौकड्याचा फ्रॉक, बिल्ल्याचा पट्टा, टाय, दोन पट्ट्यांचे मोजे, रोजचे काळे बूट, शनिवारचे पांढरे, आणि थंडीत ब्लेझर. वडनेरच्या चौथीतल्या पोरीला ब्लेझर! सगळं एकाच दुकानात मिळणार, ते दुकान तुझ्या सासऱ्यांचं. मागच्या वर्षीचा गणवेश चांगला धड आहे, खालची दुमड उसवली असती तर अजून एक वर्ष निघालं असतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय.

तू म्हणशील, सरळ ये अन् घेऊन जा. पण आमच्या घरचा नवस तुला ठाऊक आहे. सुरभीच्या आधीची दोन्ही बाळं हाती लागली नाहीत, म्हणून सासूबाईंनी हिला पाचव्या दिवशी सुपात घालून उंबऱ्यावर ठेवलं. आणि तू, माझी हॉस्टेलची मैत्रीण, हसत हसत सुपात पसाभर ज्वारी टाकलीस आणि हिला विकत घेतलंस. तेव्हापासून नशिबाच्या लेखी पोर तुझी, आम्ही नुसते सांभाळणारे. नऊ वर्षं पुरी होईपर्यंत तिच्या अंगावर आमच्या पैशाचं कापड चढायचं नाही, तुझ्याच घरून आलं पाहिजे. मग गिरडला दर्ग्यावर नेऊन तिला तुझ्याकडून सोडवून घ्यायची. आजवर दिवाळीचे दोन फ्रॉक आणि शाळेचा स्कर्ट यात भागलं. पण हे लटांबर तुझ्यावर कसं टाकू?

मी म्हटलं, या वेळी पैसे देऊन टाकू. सासूबाई अशा उसळल्या! "पोरगी आपली हाय का? ज्याची हाय त्याच्या घरचंच कापड पायजे. नऊ वर्सं सांभाळली अन् आता चार महिन्यासाठी घात करतं काय?" दोन नातवंडं आपल्या हाताने पुरली आहेत त्यांनी. मीही त्या दोघांची आई आहे. भीती मलाही वाटतेच.

घरातला एकच फोन नवऱ्याच्या खिशात, आणि आदेश घरी आले की सासूबाईंचे कान त्याला चिकटलेले. म्हणून हॉस्टेलसारखी पत्रंच बरी. सुरभीच्या दप्तरातून पाठवते, तुमचं दुकान शाळेच्या समोरच तर आहे.

तुझी,
अपेक्षा


हिंगणघाट,
२९ जून २०२४

प्रिय अपेक्षा,

पैशाचं नाव पुन्हा काढलंस तर मी कायमची भांडेन. दोन जोड, दोन्ही बूट, टाय, पट्टा सगळं सुरभीजवळ दिलं आहे. ब्लेझर दिवाळीनंतर, तेव्हा मापही बदलेल.

काल शाळा सुटल्यावर तिला दुकानात आणून घालून पाहिलं. आरशासमोर उभी केली तर ही स्वतःकडे बघतच राहिली. मग हळूच मला विचारते, "मावशी, हे मीच हावो ना?" माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, गल्ल्यावरून कधी उठत नाहीत, त्याही उठून आल्या. आमचे हे, योगेंद्र, म्हणाले, "साहेबाच्या घरची पोरगी दिसून राह्यली." अगं, आमच्या दुकानात दिवसाला किती पोरांची मापं मी घेते. पण घरच्या मुलासाठी कापड फाडायची वेळ माझ्यावर आली नाही, तुला माहीत आहे. काल ती आली. त्याचे पैसे देतेस?

एक गंमत सांगते. शाळेने मला गणवेश समितीत घेतलं आहे, पालक म्हणून. मी म्हटलं, मला कुठे मूलबाळ? तर मोठ्या मॅडम म्हणाल्या, ती सुरभी रोज तुमच्याकडेच येते ना? मी नाही म्हणाले नाही.

नियम नीट वाच. डायरीत लाल शेरा मिळतो. तीन शेरे झाले की मूल फाटकातून परत. रिबिन पांढरीच, बोटभर रुंद. मेंदी नाही, नखं नाहीत, हातात दोरा-गंडा नाही.

तुझी,
प्रेरणा


वडनेर,
२४ जुलै २०२४

प्रिय प्रेरणा,

भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं आहे बघ. आठ दिवस पावसाची झड लागली आहे. शाळेच्या व्हॅनपर्यंत जाईस्तोवर पोरीचे मोजे चिखलाने भरतात. संध्याकाळी धुतलेला फ्रॉक सकाळी ओलाच. चुलीवर दोरी बांधून वाळवला, तर डायरीत लाल अक्षरात, "गणवेशास धुराचा वास." दुसऱ्या दिवशी, "मोजे मळके." आमच्याकडची माती काळी आहे, तिला काय पांढरी करू?

तिसरा शेरा दोऱ्याचा. जन्मापासून तिच्या मनगटात गिरडचा काळा दोरा होता. तो वर्गात कात्रीने कापला, सगळ्यांसमोर. पोरगी घरी येऊन मनगट माझ्या पदराखाली लपवून बसली. सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मला म्हणतात, "काऊन कापू देल्ला? तुह्या त्या मयतरणीनं काऊन नाई अडवलं? ती तं तिथंच राह्यते."

आणि काल फाटकातून परत पाठवली. व्हॅन तर सोडून निघून गेलेली, परतीची तीनला. तेवढा वेळ माझं लेकरू होतं कुठे, ते मला संध्याकाळी कळलं. तुझ्या दुकानात बसली होती, तू जेवू घातलंस, पावलांना ऊब दिलीस. तुझे पाय धरावे वाटले. पण प्रेरणा, तू नसतीस तर? त्या चौकात ट्रक कसे धावतात! 

तू समितीत आहेस ना, मग सांग त्यांना. पावसाळ्यापुरती तरी गावच्या पोरांना सूट द्या म्हणावं.

तुझी,
अपेक्षा


हिंगणघाट,
२७ जुलै २०२४

प्रिय अपेक्षा,

समितीत मी बोलले. पण खरं सांगू का, सूट दिली की मग नियमाला अर्थ राहत नाही. आज मोजे, उद्या आणखी काही. आणि गावची पोरं म्हणून वेगळी वागणूक दिली, तर त्यांनाच जास्त लाज वाटेल. बूट तपासायची कल्पना तर माझीच होती. रांगेत उभं राहून हात पुढे, हात मागे, बूट जवळ. पोरांना वळण लागतं.

दोऱ्याचं मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. पण शाळा आहे, तिथे सगळे सारखे.

आता माझं ऐक. सोमवार ते शनिवार तिला माझ्याकडे राहू दे. आमच्याकडे इस्त्री आहे, गच्चीवर पत्रा आहे, बूट घरातून निघून समोर शाळेत. एकही शेरा मिळणार नाही. शनिवारी दुपारच्या व्हॅनने घरी, सोमवारी परत. पावसाळ्यापुरतंच म्हण हवं तर.

तिच्या अंगावरचा एकूण एक कपडा माझ्या घरचा आहे. मग तो धुवायला वडनेरला कशाला जायला हवा? हसू नकोस, खरंच विचारते.

तुझी,
प्रेरणा


वडनेर,
३ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रेरणा,

सोमवारी पाठवते.

आदेश चिडले आहेत. पण फाटकातून परत पाठवल्याचं आठवलं की गप्प होतात. सासूबाई मात्र एकदम खूश! मला वाटलं होतं त्याच आडव्या पडतील. तर म्हणतात, "बरं झालं. नजर लावणाऱ्यालेबी दिसू दे का पोरगी खरंच इकेल हाय म्हणून. चार महिने राहू दे तिच्यापाशी, मंग आणू सोडवून." सासऱ्यांनी, महादेवरावांनी, तंबाखू मळता मळता एवढंच म्हटलं, "खोटा खेळ लई दिवस खेळू नोका. मांजर बी दुसऱ्याच्या घरी दूध पेलं का तिकडचंच होते." मी त्यांना रागावलेच. तुझं घर दुसऱ्याचं म्हटलं म्हणून मनातल्या मनात तुझी माफीही मागितली.

तिला झोपताना माझा पदर बोटाला गुंडाळायची सवय आहे. जुन्या लुगड्याचा तुकडा दिला आहे पिशवीत. हसतील म्हणून ती लपवेल, तू हळूच दे. सांजच्याला शेवभाजी नको, पोट दुखतं. आणि जरा रडली तर फोन कर, आदेश लगेच येतील.

घर फार मोठं वाटून राहिलं आहे आतापासूनच.

तुझी,
अपेक्षा


हिंगणघाट,
६ सप्टेंबर २०२४

प्रिय अपेक्षा,

तान्ह्या पोळ्याला तिला पाठवता आलं नाही, त्याचा राग धरू नकोस. तू लाकडी बैल रंगवून ठेवला होतास हे आदेशभाऊंनी फोनवर सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती आणि रंगाचे हात घेऊन ती कशी उभी राहणार? शनिवारी दुपारी आता बोलण्याच्या शिकवणीला जाते. "मले", "तुले" अजून तोंडून निघतं. बाईंनी त्यावरही शेरा सुरू केला आहे. माझ्याशी मात्र आता अगदी स्वच्छ बोलते.

रडत वगैरे नाही. पहिले चार-पाच दिवस काय ते. तो लुगड्याचा तुकडा मी धुवायला टाकला, त्याला धुराचा वास होता. नंतर तिने मागितला नाही.

केस कापले. दोन वेण्या सारख्या बसत नाहीत, रिबिन रोज सरकते, म्हणून मानेपर्यंत केले. इतकी गोड दिसते! मी तिच्यासाठी आरसा खाली लावून घेतला आहे.

शाळेने पालकांची ओळखपत्रं केली. ज्याच्या कार्डावर फोटो त्याच्याच हाती मूल द्यायचं. मुलांच्या भल्यासाठीच आहे. मी जवळ राहते, म्हणून फोटो माझा दिला. तू एवढ्यासाठी कुठे धावत येशील!

तुझी,
प्रेरणा


वडनेर,
२२ सप्टेंबर २०२४

प्रेरणा,

केस कापायच्या आधी मला विचारायला हवं होतंस.

गेल्या रविवारी एक दिवस आली तेव्हा पाहिलं. मी तेलाची वाटी घेऊन बसले होते, आणि हात लावायला केस नाहीत. मी वाटी झाकून ठेवली, तिच्यासमोर रडले नाही. तिने घरात आल्या आल्या चपला एका रांगेत लावल्या. सासऱ्यांची चप्पल वेडीवाकडी होती, तीही सरळ केली. जेवताना हात पुसायला रुमाल मागितला. आजी म्हणाली, "माह्या पदराले पूस ना वं." तर तिने हात तसाच हवेत धरला.

तू तिचं वाईट करत नाहीस, हे मला कळतं. माझ्या पोरीला तू राजकन्येसारखं ठेवलं आहेस. त्यासाठी जन्मभर तुझे उपकार मानीन. पण मला आता धास्ती वाटते ग. कशाची ते सांगता येत नाही. मन खातं.

दिवाळीत पूर्ण सुट्टीभर पाठव. आणि नोव्हेंबरात तिला नऊ पुरी होतात. आदेशने गिरडला जायला गाडी सांगून ठेवली आहे. तू आणि योगेंद्रभाऊ या, सासूबाईंनी तुझ्यासाठी लुगडं घेतलं आहे. तिला सोडवू, नव्या कपड्यात आणू, आणि मग आपण दोघी पुन्हा नुसत्या मैत्रिणी.

अपेक्षा


हिंगणघाट,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय अपेक्षा,

दिवाळीत दोनच दिवस पाठवलं म्हणून तू अबोला धरलास. ती परत आली ती दारातूनच सरळ मोरीत गेली, तेव्हा समजलेच मी की तिकडे काहीतरी झालं. फ्रॉकला फराळाच्या तेलाचे डाग होते. ते निघेपर्यंत ती माझ्याजवळ मोरीत उभी होती.

गिरडचं जरा थांबवू या. रागावू नकोस, सगळं वाच. तुझ्या सासूबाईंचाच नियम आहे की सोडवलेल्या पोरीच्या अंगाला त्यानंतर घेणाऱ्याच्या घरचं कापड शिवता कामा नये. म्हणजे आज सोडवलीस तर उद्या ती शाळेत काय घालून जाणार? फ्रॉक, टाय, बूट, ब्लेझर सगळं उतरवावं लागेल. तुम्ही पैसे मोजून नवं घ्याल, तर ते मिळणार आमच्याच दुकानात. ते घेणाऱ्याच्या घरचं झालं की नाही, हे तुझ्या सासूबाई ठरवतील तोवर पोर फाटकाबाहेर उभी. वर्ष मोडायचं आहे का तिचं?

आणखी एक. शाळेची वर्ध्यालाही शाखा आहे, तिथलं गणवेशाचं काम आम्हाला मिळालं. योगेंद्रांनी नालवाडीला घर घेतलं आहे, खाली दुकान, वर आम्ही. या महिनाअखेर हलतो. सुरभीचं नाव मी तिकडच्या शाखेत वळतं करून घेतलं. मधल्या वर्षी कोणाला घेत नाहीत, पण माझ्या शब्दाला मान आहे.

तिची खोली पूर्वेकडे आहे.

प्रेरणा


वडनेर,
१० डिसेंबर २०२४

प्रेरणा,

हे पत्र पोस्टाने येत आहे. आता दप्तर माझ्याकडे येतच नाही.

फोन तू उचलत नाहीस. हिंगणघाटच्या दुकानात नोकर बसतो, तो म्हणतो, मालक वर्ध्याला. नालवाडीच्या घरी मी दोनदा आले. एकदा कुलूप. दुसऱ्यांदा वरच्या खिडकीचा पडदा हलला आणि खाली कोणी आलं नाही. मी भाकरी बांधून आणली होती, ती तुझ्या पायरीवर बसून मीच खाल्ली.

मग शाळेत गेले. रखवालदार भला माणूस होता. म्हणाला, "बाई, कार्ड दाखवा." मी म्हटलं, मी आई आहे तिची. त्याने वहीत पाहिलं. म्हणाला, "कार्डावर दुसऱ्या मॅडम हायेत. म्या तुमाले सोडलं तं माही नोकरी जाते माय." मी त्याच्याशी भांडले नाही. फाटकाच्या सळ्या धरून उभी राहिले. मधली सुट्टी झाली आणि पोरी बाहेर आल्या. सगळ्या चौकड्याच्या फ्रॉकमधल्या, सगळ्यांचे केस मानेपर्यंत, सगळ्यांची पावलं सारखी पडत होती. प्रेरणा, मी नऊ महिने पोटात आणि नऊ वर्षं काखेत वागवलेली पोर, आणि मला त्यात ती ओळखता आली नाही. मी प्रत्येकीकडे बघत राहिले. घंटा झाली, त्या आत गेल्या.

आदेश म्हणतात पोलिसांत जाऊ. सासरे म्हणाले, "काय सांगशील त्याइले? आमीच इकली, आमीच धाडली, कपडे बी तिचेच घातले?" सासूबाई आता देवापुढून उठत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "म्या केलं, म्या केलं."

मी विनंती करते. हात जोडते. माझी मुलगी मला दे.

अपेक्षा


नालवाडी, वर्धा,
१५ डिसेंबर २०२४

अपेक्षा,

तू आली होतीस ते तिने मला सांगितलं. तिने तुला पाहिलं होतं. रांगेत ती तुझ्यापासून चार हातांवर होती. तुला ओळखता आली नाही, यात माझा काय दोष?

शेजारच्या मुलीने विचारलं, ती सळ्या धरून उभी असलेली बाई कोण? तेव्हा सुरभीने काय उत्तर दिलं ते मी लिहीत नाही. तुला त्रास होईल. मी तिला तसं शिकवलेलं नाही, तिने आपलं आपण ठरवलं.

तू मला चोर ठरवते आहेस. मी कोणाच्या घरात शिरून काही उचललं का? तुमचा उंबरा, तुमचं सूप, तुमचाच नवस. मी हसत आले होते, खरं आहे. पण घरी गेल्यावर मी हसले नव्हते, अपेक्षा. त्या दिवसापासून दर दिवाळीला तिचं माप डोळ्यांत ठेवून मी कापड फाडलं आहे. माझ्या हाताला तिची उंची माहीत आहे, खांदा माहीत आहे. माझ्या घरात पाळणा हलला नाही म्हणून लोक काय काय बोलले, तेव्हा मी मनात म्हणायचे, एक आहे माझी, वडनेरला ठेवली आहे. तुम्ही खेळ खेळत होतात. मी खेळत नव्हते.

ती सुखी आहे. या महिन्यात तिला एकही शेरा नाही. पुन्हा फाटकापाशी येऊ नकोस. तिला लाज वाटते.

प्रेरणा


वडनेर,
१९ जानेवारी २०२५

प्रेरणा,

सुरभी आमच्याकडे आहे, हे तुला कळलंच असेल. तुम्ही दोघं माल आणायला गेलात त्या दिवशी तुझ्या सासूबाईंचा आदेशला फोन आला. त्यांनी एवढंच म्हटलं, "घेऊन जा रे बाबू तुही पोरगी. माही सून रोज सकायपासून तिले उभी करून फ्रॉकले इस्त्री करते अन् पोरगी आरशापुढून हालत नाई. मले पाह्यवत नाई." वच्छलाबाईंना बोल लावू नकोस. त्यांनी तिला स्वतःच्या हाताने जिना उतरवून दिलं, आणि मग दारातच बसून रडल्या.

आम्ही तिथूनच गिरडला गेलो. तुझ्याविना. सोडवून घेताना घेणारीने हजर राहायला हवं, म्हणून सासूबाई दर्ग्यातल्या बाबांपुढे डोकं टेकवून म्हणाल्या, चुकलं असेल तर माझ्यावर पडू दे. तुझा फ्रॉक उतरवला. आमच्या पैशाचं परकर-पोलकं घातलं, पिवळं.  फ्रॉकची घडी तिनेच घातली, टाय गुंडाळून वर ठेवला, मोजे जोडीने. तशी घडी मला या जन्मात जमायची नाही.

आता ती गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. तिथे कोणी बूट बघत नाही. मला वाटलं होतं, चार दिवसांत पोर मोकळी होईल, ओढ्यावर पळेल, पोरींत भांडण करेल. दहा वेळा स्वतःला समजावलं की लेकरू आहे, विसरेल. केस वाढत आहेत, तेल लावू देते, भाकरी खाते. आजीने मनगटात नवा दोरा बांधला तो तिने शाळेत जाताना आपणच सोडून खिशात घातला.

सगळं तुला लिहिते, कारण तुझ्याशिवाय हे दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. सकाळी आम्ही उठायच्या आधी ती आंघोळ करून अंगणात उभी असते. पाय जुळवून. मी चूल पेटवायला बाहेर आले की दोन्ही हात पुढे करते, मग उलटे करते. मी नखं बघेपर्यंत ती हात खाली घेत नाही. पहिल्या दिवशी मी हसले आणि आत गेले, तर परत येईपर्यंत हात तसेच. थंडीने बोटं निळी पडली होती. आता मी रोज बघते. बघून म्हणते, छान आहेत, एकही शेरा नाही. मग ती म्हणते, "थँक्यू काकू."

काकू म्हणते ती मला. रागाने नाही, फार आदराने. आदेशला काका. मी जवळ घेऊन विचारलं, अगं, मी कोण तुझी? तर इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून, आणि माझ्या कानात म्हणाली, "मम्मीने सांगितल्याशिवाय नाही म्हणता येत."

मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाही. शिव्या खूप आहेत पोटात, त्या मी विहिरीवर एकटी असताना देऊन घेते. पण आज माझी गरज आहे. ती फक्त तुझा शब्द ऐकते. तू तिला दोन ओळी लिही, तुझ्या अक्षरात, खाली सही कर. लिही की वडनेरच्या बाईला आई म्हटलं तरी चालेल.

एवढं दे. वाट पाहते.

अपेक्षा